चेतासंस्था शिकवायची आहे, उदाहरणं आपल्या किनाऱ्यावरचीच हवीत

वेळागर
वेंगुर्ले तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. चेतासंस्थेचा धडा दर वर्षी येतो आणि दर वर्षी तसाच जातो. मुलं आकृती सुंदर काढतात, प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ अशी नावं अचूक टाकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. यंदा एका मुलाने मध्येच हात वर केला, "बाई, मण्यार चावली तर दुखत नाय म्हणतत, मग माणूस मरता कसो?" आणि सगळा वर्ग बोलायला लागला. कुणाच्या पडवीत विंचू निघालेला, कुणाचे काका माडावरून पडलेले, कुणी केंड या फुगणाऱ्या विषारी माशाबद्दल घरी ऐकलेलं.

माझं मत असं झालंय की आपल्याकडे नसांवर नेमका घाव घालणाऱ्या गोष्टींची कमतरता नाही. त्या एकेक करून आकृतीवर बसवल्या, कोण कुठे अडवतो ते दाखवलं, तर आकृती आपोआप कळेल. पुस्तकातला सांगाडा मी सांगतेच: मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती भाग. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या 31 जोड्या म्हणजे परिघीय भाग. या सगळ्याच्या मुळाशी चेतापेशी. एकट्या मेंदूत त्या साधारण 8600 कोटी.

तुमच्याकडचे अनुभव हवेत, आणि जाणकारांकडून नेमकी माहिती. मुलांना घाबरवायचं नाही, समजवायचं आहे.

सुरंगी
ताई, त्या मुलाचं नाव पटावर ठळक लिहून ठेवा. प्रश्न विचारणारी मुलं हल्ली दुर्मीळ.

डगलेवाला
त्या मुलाच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. मी ग्रामीण रुग्णालयात काम करतो, पावसाळ्यात मण्यारीचे रुग्ण बघतो.

हात हलवायचा आदेश मेंदूतून निघतो, मेरुरज्जूतून खाली येतो, तिथून दुसरी चेतापेशी तो घेऊन स्नायूपर्यंत जाते. नस आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन फटीत सुटतं, पलीकडे स्नायूवरच्या ग्राहींवर (रसायन धरणाऱ्या जागांवर) बसतं आणि स्नायू आकसतो. मण्यारीचं विष नसेचं हे टोकच निकामी करतं. मेंदू शाबूत, नस शाबूत, स्नायूही शाबूत, पण आदेश पोचत नाही.

आधी पापण्या खाली येतात. मग गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, मान धरवत नाही. शेवटी श्वासाचा पडदा थांबतो. चावल्याच्या जागी सूज किंवा फार वेदना नसते, म्हणून रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला कळतही नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, घरचे ओवा देतात, आणि तेवढ्यात पापण्या जड होतात.

एक गोष्ट वर्गात नक्की सांगा. पूर्ण लुळा पडलेला रुग्ण अनेकदा सगळं ऐकत असतो. डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही, बाहुल्यासुद्धा प्रतिसाद देत नाहीत, आणि नातेवाईक रडायला लागतात. अशा माणसाला कृत्रिम श्वासावर ठेवलं तर नसांची टोकं काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत पुन्हा तयार होतात आणि तो चालत घरी जातो. मी असे रुग्ण घरी जाताना पाहिलेत. म्हणून "गेला" हा शब्द कुणीही घाईने उच्चारू नये.

आगरातलो
माझो आजो म्हणायचो, मण्यार श्वास ओढून नेता. आज कळला तेका असा कित्याक वाटायचा.

नाग पण तसोच काय?

डगलेवाला
@आगरातलो, नागाचं विष फटीच्या पलीकडच्या बाजूला काम करतं. रसायन सुटतं, पण स्नायूवरच्या ग्राहींवर विष आधीच जाऊन बसलेलं असतं. म्हणून नागदंशात निओस्टिग्मीन या इंजेक्शनाचा उपयोग होतो. ते ॲसिटिलकोलीन लवकर नष्ट होऊ देत नाही, साठा वाढतो आणि विषाशी जागेसाठी झगडता येतं. मण्यारीत मुळात टोकच गेलेलं, त्यामुळे तिथे हे औषध बहुतेकदा चालत नाही. शिवाय नागाच्या चाव्याची जागा सुजते, दुखते.

घोणस आणि फुरसं यांचा मार्ग वेगळा, त्यांचं विष प्रामुख्याने रक्तावर जातं. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं भरपूर. आपल्याकडची सर्पविषावरची लस या चारही सापांवर एकत्रच चालते, त्यामुळे साप ओळखण्यात किंवा मारून आणण्यात वेळ घालवू नये.

महाडकर
विंचवाबद्दल मी लिहितो, कारण त्यावरचं सगळ्यात मोठं काम आमच्या महाडात झालंय. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ते केलं. 2022 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, पण रायगड जिल्ह्यातली जुनी माणसं त्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखतात.

विंचवाचे दोन प्रकार लोकांना माहीत असतात. मोठा काळा, जो बघून घाबरायला होतं, आणि लहान तांबडा, जो जांभ्याच्या गडग्यात, लाकडांच्या ढिगात, कौलांत असतो. जीव घेतो तो तांबडा. त्याचं विष सगळ्या स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या, चेतासंस्थेला एकदम चेतवतं. हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी यांना नसांचे आदेश अखंड सुटत राहतात. आधी उलटी, दरदरून घाम, लाळ. मग हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब चढलेला, आणि नंतर हृदय थकून फुप्फुसात पाणी. लहान मुलं यातच जायची.

बावस्करांनी लक्षणांची ही साखळी रुग्णाच्या उशाशी बसून टिपली आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचं स्वस्त गोळीचं औषध वापरून बघितलं. अनुकंपी, म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या, नसांच्या आदेशामुळे रक्तवाहिन्या आवळतात, ते हे औषध रोखतं. 1980 च्या दशकात त्यांचे लेख 'लॅन्सेट'मध्ये आले. 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये महाडातलाच अभ्यास आला, विंचवाची लस आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर रुग्ण लवकर सावरतो असा. ज्या विषबाधेत पूर्वी पाव भागाहून अधिक रुग्ण दगावायचे, तिथे हे प्रमाण अगदी नगण्य झालं. तालुक्याच्या गावात बसून एवढं काम होऊ शकतं हेही मुलांना सांगा ताई. माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं.

कुडाळी
बावस्करांबद्दल आदर आहेच. पण आमच्या गावात विंचू उतरवणारे होते आणि माणसं बरी व्हायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय. सगळं खोटं कसं म्हणायचं?

डगलेवाला
@कुडाळी, माणसं बरी व्हायची हे खरंच आहे. काळ्या विंचवाचा डंख झोंबतो आणि काही तासांनी आपोआप उतरतो. तांबड्याच्याही बऱ्याच डंखांत नुसती वेदना असते, कारण विष थोडं गेलेलं असतं. उतरवणाऱ्याकडे आलेल्यांतले बहुतेक कसेही बरे होणारच होते. जे होत नाहीत, त्यांच्यासाठी पहिले दोन-चार तास फार मोलाचे असतात आणि ते अंगणातच संपतात. मला राग कुणा माणसाचा नाही, त्या तासांचा आहे.

सुरंगी
आमच्या शेजारच्या आजोबांनी यावर तोडगा काढला होता. मांत्रिकालाच 108 च्या गाडीत बसवलं. मंत्र रस्त्यात, उपचार दवाखान्यात, कुणाचंच मन मोडलं नाही.

सागरगोटा
चर्चा छान आहे, पण मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. मीही तीसेक वर्षं शिकवलंय. सुरुवातच साप-विंचवाने केली, तर मुलांच्या डोक्यात चेतासंस्था म्हणजे बिघडणारी वस्तू असं बसेल. ती आयुष्यभर न बोलता चालते, हे नवल आधी पोचलं पाहिजे.

पडवीतून भर उन्हात आलं की बाहुल्या आकसतात, कुणी सांगावं लागत नाही. जेवल्यावर आतडी चालतात, झोपेत श्वास चालतो. यातली अनुकंपी नसांची फळी धावपळीसाठी: हृदय जोरात, बाहुल्या मोठ्या, पचन थांबलेलं. परानुकंपी फळी विश्रांतीसाठी. मेंदूच्या 12 जोड्यांतली दहावी, व्हेगस, मानेतून छातीत आणि थेट पोटात उतरते. एवढा लांबचा प्रवास दुसऱ्या कुठल्याच मस्तिष्क नसेचा नाही. भाकरी भाजताना तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि "आई गं" नंतर निघतं. कारण हात मागे घेण्याचा निर्णय मेरुरज्जूतच होतो, मेंदूला बातमी मागाहून मिळते. हे घरात करून बघण्यासारखं आहे. गुडघ्याखाली हलका ठोका देऊन पाय उडतो, तो प्रयोग तर फुकटचा.

आधी हे, मग विष. माझं ठाम मत आहे.

वेळागर
@सागरगोटा सर, तुमचं म्हणणं पटतंय अर्धं. नवल पोचलं पाहिजे हे खरं. पण पुस्तक नवलापासूनच सुरू होतं आणि मुलं पेंगतात. अडलेली जागा दाखवली की चालू रस्ता दिसतो, असा माझा वर्गातला अनुभव आहे. त्या दिवशी 'संपर्कस्थान', म्हणजे तीच मधली फट, हा शब्द मी न विचारता मुलांनी पुस्तकात शोधला.

पापलेटवाली
मी मासळी विकते, शिकलेली फार नाही, मुलगी टाइप करतेय.

शिंगाळ्याचा काटा लागला की दोनदा दुखतं. पहिल्यांदा सणकन, सुईसारखं. मग जरा थांबून दुसरं सुरू होतं, ठसठस, आग, ते जात नाही लवकर. दोन वेगळी दुखणी का? काटा तर एकदाच लागला. आणि चोळलं की कमी कसं वाटतं?

डगलेवाला
मावशी, इतका बरोबर प्रश्न आहे की वर्गात हाच विचारावा. वेदना नेणारे तंतू दोन जातींचे असतात. एकांवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण असतं, ते सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने निरोप नेतात. ती तुमची सणक. दुसरे बारीक, बिनवेष्टणाचे, सेकंदाला जेमतेम मीटरभर. ती तुमची ठसठस. बोटापासून मेरुरज्जूपर्यंत मीटरभराच्या आत-बाहेर अंतर, म्हणून दुसरं दुखणं खरोखरच मागून येतं. स्नायूंना आदेश नेणारे जाड तंतू तर सेकंदाला 100 मीटरच्या पुढे जातात.

चोळल्यावर स्पर्शाचे जाड तंतू जागे होतात आणि मेरुरज्जूत शिरतानाच वेदनेच्या निरोपाला अडवतात. मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 साली ही कल्पना मांडली. शिंगाळ्याच्या काट्याला थोडं विषही असतं, त्यामुळे ठसठस लांबते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरा, आराम पडतो. पाकटाच्या काट्यालाही तेच. मात्र काटा खोल गेला असेल, तुकडा आत राहिला असेल तर दवाखाना, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

पापलेटवाली
गरम पाणी आम्ही करतोच. का ते आज समजलं.

आगरातलो
मावशींचो प्रश्न सगळ्यांत भारी. बाईनु, तेंका एक दिवस वर्गात बोलवा.

शहरातला चाकरमानी
लाजाळूला हात लावला की पानं मिटतात, तिलाही नसा असतात का? लहानपणी आम्ही पैज लावायचो.

तारकर्लीची पोर
नाही, वनस्पतींना चेतापेशी नसतात. पण लाजाळूत विद्युत संकेत जातो हे खरं, जगदीशचंद्र बोस यांनी तिच्यावर फार बारकाईने प्रयोग केले होते. संकेत पोचला की देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातल्या पेशी पाणी सोडतात आणि पान मिटतं. स्नायू नाही, नस नाही.

मी सागरी जीवशास्त्र शिकतेय, म्हणून खरं तर दुसरंच सांगायला आले. ताई, तुम्हाला चेतातंतू उघड्या डोळ्यांनी दाखवायचा असेल तर बाजारातून ताजी म्हाकूल (स्क्विड) आणा.

माणसाचा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा निरोप नेणारा लांब धागा, मिलिमीटरच्या हजाराव्या ते पन्नासाव्या भागाइतका जाड असतो, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. म्हाकुलीत काही अक्षतंतू अवाढव्य असतात, मोठ्या जातींत मिलिमीटरभर. संकटात ती आवरण एकदम आकसून पाण्याचा झोत सोडते आणि मागे उडते. त्यासाठी आदेश झटक्यात पोचावा लागतो. वेग वाढवायचे दोन उपाय: तंतू जाड करायचा किंवा त्यावर मायलिन चढवायचं. म्हाकुलीने पहिला घेतला, आपण दुसरा. म्हणूनच आपल्या बारीकशा मेरुरज्जूत लाखो तंतू मावतात.

1936 साली जे. झेड. यंग यांनी या महाकाय तंतूंकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं. मग हॉजकिन आणि हक्स्ली यांनी इंग्लंडात प्लिमथच्या समुद्री प्रयोगशाळेत अशा तंतूच्या आत विद्युताग्र (इलेक्ट्रोड) घातलं आणि नस संदेश कसा नेते ते मोजलं. विश्रांतीत पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण 70 मिलिव्होल्टने ऋण असते. चेतना आली की सोडियमचे मार्ग उघडतात, सोडियम आत घुसतं, क्षणभर आतली बाजू धन होते. लगेच पोटॅशियम बाहेर पडून घडी पुन्हा बसते. हाच बदल तंतूवरून पुढे पुढे सरकतो. 1952 साली त्यांनी हे गणितासकट मांडलं, 1963 साली नोबेल मिळालं. आपल्या नसांबद्दलचं एवढं मूलभूत ज्ञान म्हाकुलीकडून आलंय!

बघायचं कसं: पोटाच्या बाजूने आवरण उभं कापा, आतड्यांचा गोळा हलक्या हाताने बाजूला करा. डोक्याजवळ, आवरणाच्या आतल्या भिंतीवर दोन्ही बाजूंना चांदणीच्या आकाराची एकेक पांढरट गाठ दिसते आणि त्यातून निघालेले तंतू. ती चेतागंडिका. मासळी जितकी ताजी तितकं स्पष्ट.

शहरातला चाकरमानी
आजवर शेकडो म्हाकुली साफ करून खाल्ल्या, पण ती चांदणी बघायची राहिली. पुढच्या वेळी आधी विज्ञान, मग सुकं.

पापलेटवाली
बाई, शाळेसाठी हव्या असतील तर सांगा. पैसे घेणार नाही.

महाडकर
तारकर्लीच्या ताई, तुम्ही सोडियमचे मार्ग म्हणालात. तांबड्या विंचवाचं विष तिथेच काम करतं ना?

तारकर्लीची पोर
हो, आणि केंडसुद्धा! दोन्ही एकत्र सांगते.

सोडियमचा मार्ग म्हणजे पेशीच्या भिंतीतलं दार समजा. निरोप आला की उघडतं, हजारांश सेकंदात आपलं आपण मिटतं. विंचवाचं विष ते मिटू देत नाही. दार उघडं राहिलं की नस पुन्हा पुन्हा पेटत राहते. महाडकरांनी लिहिलेला घाम, लाळ, चढलेला रक्तदाब, सगळं त्यातून येतं. केंडात असतं टेट्रोडोटॉक्सिन, ते त्याच दाराला बाहेरून बूच मारतं. दार उघडतच नाही, नस गप्प. ओठ आणि जिभेला मुंग्या, मग बधिरपणा, मग हातपाय लुळे, शेवटी श्वास. एकच दार, दोन विषं, लक्षणं अगदी उलट. दाताचे डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतात ते लिडोकेनही याच दाराला अडवतं, पण तेवढ्या जागेपुरतं आणि थोड्या वेळासाठी.

केंडाचं विष यकृतात आणि अंड्यांत सर्वांत जास्त असतं. शिजवून, तळून, खारवून ते जात नाही. त्यावर उतारा नाही, श्वास चालू ठेवणं हाच उपचार. जाळ्यात आलं तर फेकून द्यावं, कोंबड्या-मांजरांनाही घालू नये.

आगरातलो
आमच्याकडे केंड कोण खायत नाय. पण पर्यटकांची पोरां फुगलेला केंड बघून हातात घेतत, तेंका सांगूक व्हया, बघा पण घरी नेव नको.

देवगडी बागायतदार
एका दारावर दोन विषं हे वाचून फवारणी आठवली. तुडतुड्यांवर आम्ही सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन मारतो, ती कशी काम करतात?

तारकर्लीची पोर
काका, नेमकं तेच. ती सोडियमची दारं उघडी ठेवतात, म्हणून तुडतुडा आधी फडफडतो आणि मग पडतो. माणसाचं शरीर त्यांना बऱ्याच वेगाने मोडतं, म्हणून आपल्याला त्रास कमी, पण चेहऱ्यावर उडालं की जी चुणचुण होते ती नसांचीच.

डगलेवाला
बागायतदार काका, त्याहून जास्त काळजी ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकांची घ्या. वर लिहिलेलं ॲसिटिलकोलीन, काम झालं की एक विकर (एन्झाइम) त्याला लगेच तोडतं. ही औषधं त्या विकराला बांधून टाकतात. रसायन फटीत साचत जातं: बाहुल्या टाचणीएवढ्या, लाळ, घाम, उलटी, जुलाब, छातीत घरघर, स्नायू फडफडणं, आणि शेवटी ते थकून बंद. कातडीतूनही शिरतं. उपचारात ॲट्रोपिन लागतं. फवारणी करणाऱ्याला असं काही झालं तर कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवा आणि औषधाची बाटली घेऊनच दवाखान्यात या, नाव कळलं की आमचा वेळ वाचतो.

देवगडी बागायतदार
हे छापून गोदामात लावतो. गडी उघड्या अंगाने फवारतात, उकाडा सोसत नाही म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या फवारणी वेळापत्रकात काय, कधी, किती ते असतं. अंगावर काय घालायचं ते माणसाने माणसाला समजवावं लागतं.

गुहागरची लेक
मी फिजिओथेरपिस्ट आहे. धाग्यावर विषाबद्दल भरपूर झालं, पण आपल्या किनाऱ्यावर चेतासंस्थेवर पडणारा जो घाव मी रोज बघते त्याबद्दल ताईंनी फक्त एक शब्द लिहिला आहे. माडावरून पडणं.

मेरुरज्जू करंगळीच्या जाडीचा असतो, मोठ्या माणसात साधारण 45 सेंटिमीटर लांब. मणक्यांच्या पोकळीत सुरक्षित असतो, पण मणका मोडला की तोच हाडाचा तुकडा आत घुसतो. घाव जिथे, त्याच्या खालचं सगळं तुटतं. मानेत वरच्या बाजूला बसला तर श्वासाचा पडदाही जातो, कारण त्याची नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघते. मानेत खाली बसला तर हातांची पकड आणि पाय. पाठीत बसला तर हात चांगले राहतात, पाय जातात, आणि लघवी-शौचावरचा ताबा जातो. शेवटच्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही. घरच्यांना वाटतं पाय गेले. माझ्या रुग्णांना विचाराल तर पहिलं दुःख ताबा गेल्याचं सांगतात.

बोटाची नस तुटली तर ती दिवसाला मिलिमीटरभर का होईना, पुन्हा वाढू शकते. मेरुरज्जूतले तंतू तसे वाढत नाहीत. म्हणूनच पडल्यानंतरचे पहिले क्षण महत्त्वाचे. पडलेल्या पाडेलीला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) दोघं काखेत धरतात, एक जण पाय धरतो, रिक्षात वाकवून कोंबतात. मणका मोडलेला पण रज्जू वाचलेला असेल, तर तो या उचलण्यात जातो. प्रेमापोटी होतं हे सगळं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

काय करायचं: श्वास चालू आहे ना बघा. हलवू नका. मान आणि डोकं दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवा. पाणी पाजू नका. 108 ला फोन करा. अगदीच न्यावं लागलं तर चार-पाच जणांनी मिळून डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून फळीवर किंवा दाराच्या फळ्यावर घ्या. पाय हलतात का, स्पर्श कळतो का, हे विचारून ठेवा, डॉक्टरांना सांगता येतं.

आणि ताई, मुलांना सांगा, पाडेलीला कमरेचा पट्टा लावल्याशिवाय माडावर चढू देऊ नका. आपलं नारळ चार दिवसांनी पडलं तरी चालतं.

सुरंगी
हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. आमच्या वाडीत असा एक जण आहे. पंधरा वर्षं खाटेवर. हुशार, रेडिओ दुरुस्त करतो. त्याला उचलणारे आमचेच लोक होते.

सागरगोटा
गुहागरच्या ताई, हा प्रतिसाद प्रत्येक ग्रामपंचायतीत वाचला जावा. माझं आधीचं मत थोडं बदलतो. हे शिकवायला नवलाची वाट बघू नये.

नवी आई
एक शंका. सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन देतात, त्याने मेरुरज्जूला इजा होते म्हणून माझी सासू घाबरली होती. माझी अजून पाठ दुखते.

डगलेवाला
मेरुरज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. इंजेक्शन त्याच्या खाली देतात, जिथे फक्त सुट्या नसांचा झुबका पाण्यात तरंगत असतो, सुईपुढे त्या बाजूला सरतात. बाळंतपणानंतरच्या पाठदुखीला बहुतेकदा स्नायूंचा ताण, वाकून दूध पाजणं, उचलापाचल ही कारणं असतात. तरी पायात बधिरपणा किंवा लघवीचा त्रास असेल तर लगेच दाखवा.

कुडाळी
विषय निघालाच आहे तर माझ्या आईच्या तळपायांना रात्री मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखं वाटतं. नसांचंच ना?

गुहागरची लेक
नसांचं असण्याची शक्यता बरीच. लांब नसांची टोकं आधी दुखावतात, म्हणून पावलांपासून सुरू होतं. रक्तातली साखर आणि बी-12 तपासून घ्या. तोवर रोज रात्री तळपाय बघा, कळत नाही म्हणून जखमा तशाच राहतात. आणि गरम पाण्याने शेकू नका, चटका कळणार नाही.

कुडाळी
उद्याच नेतो. आभारी आहे. मांत्रिकाकडे नाही नेणार.

वेळागर
दोन दिवस धागा वाचत होते आणि वहीत उतरवत होते. आता ठरवलंय असं.

पहिल्या तासाला सागरगोटा सरांचा तवा आणि गुडघा. दुसऱ्याला म्हाकूल, पापलेटवाल्या मावशींसकट, त्यांनी यायचं कबूल केलंय आणि शिंगाळ्याचा प्रश्न त्याच विचारतील. तिसऱ्याला फळ्यावर एकच लांब आकृती काढेन: मेंदू, मेरुरज्जू, अक्षतंतू, फट, स्नायू. मुलांनी येऊन खुणा करायच्या. माडावरून पडणं मेरुरज्जूवर. विंचू आणि केंड अक्षतंतूवरच्या दारावर. मण्यार फटीच्या अलीकडे, नाग पलीकडे, फवारणीचं औषध मध्ये. फुरसं आणि घोणस आकृतीच्या बाहेर, तेही मुद्दाम, कारण सगळे साप नसांवर जात नाहीत. चौथ्याला मैदानावर फळी घेऊन पडलेल्याला उचलायचा सराव.

काही राहिलं असेल तर सांगा.

तारकर्लीची पोर
विंचवाची खूण अक्षतंतूवर करा, पण तिथून एक बाण हृदयाकडे काढा. नाहीतर मुलांना वाटेल विंचू चावल्यावर फक्त हातपाय लुळे पडतात.

डगलेवाला
आकृती बरोबर आहे. एक जोडा: पट्टी घट्ट आवळणं, चिरा देणं, चोखणं, यातलं काहीही कुठल्याच दंशात करायचं नाही. चावलेला हात-पाय न हलवता ठेवायचा आणि गाडी बोलवायची.

आणि त्या मुलाला उत्तर देताना त्याच्या घरी सगळे कुठे झोपतात तेही विचारा. जमिनीवर झोपत असतील तर मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचून झोपायला सांगा. मण्यारीला आत यायला वाट राहत नाही, आणि मच्छरदाणी बहुतेक घरात असतेच.

पापलेटवाली
बुधवारी म्हाकूल चांगली येते बाई. सकाळी सातला बंदरावर कुणाला तरी पाठवा, मुलीला सांगून ठेवलंय.